पोच आणि पावती : एका जुन्या वादाचा इतिहास

१

पिंप्राळा हे एके काळचे स्वतंत्र गाव आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले गेले आहे. तरीही आषाढी एकादशीला निघणारा रथ त्याचे गावपण दरवर्षी नव्याने सिद्ध करतो. या पिंप्राळ्यात माझी एक माजी विद्यार्थिनी राहते. एम. ए. मराठी झाल्यानंतर नोकरी मिळाली नाही, म्हणून तिने सासूबाई आणि शेजारच्या दोघीतिघींना हाताशी धरून ज्वारीचे बिबडे, शेवया आणि खानदेशी काळा मसाला तयार करून विकायला सुरुवात केली. पुढे एका मोठ्या ऑनलाइन बाजारात तिने आपले छोटे दुकान मांडले. धंदा बरा चालला होता. मागील वर्षी एके दिवशी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली.

परगावच्या एका ग्राहकाने नऊशे चाळीस रुपयांचा माल मागवला होता. माल गेला. मोबाइलच्या पडद्यावर 'डिलिव्हर्ड' ही अक्षरे उमटली. चार दिवसांनी ग्राहकाने तक्रार केली, की खोके आले, पण आत काहीच नव्हते. कंपनीने ग्राहकाचे पैसे परत केले आणि ते हिच्या खात्यातून वळते करून घेतले. हिने दाद मागितली, तेव्हा पॅकिंगचे चित्रीकरण पाठवा असे उत्तर आले. चित्रीकरण नव्हते. खोक्याचे वजन लिहिलेली वही होती, पण ती पुरावा म्हणून चालली नाही.

"सर, एक पत्र लिहून द्या," ती म्हणाली. मी विचारले, "ग्राहक खोटे बोलतो आहे असे तुला वाटते का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी पाठवलं ते खरं आहे. त्याला पावलं नाही, तेही खरं असेल. मग मधल्याचं काय?"

पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडखळलो. 'मालाची पोचपावती आपल्याकडे उपलब्ध असताना' असे लिहिले आणि 'पोचपावती' या शब्दाशी थांबलो. या जोडशब्दातली दोन पदे एकाच अर्थाची आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः पोच ही घटना आहे आणि पावती ही त्या घटनेची साक्ष. घटना घडूनही साक्ष नसू शकते, आणि साक्ष असूनही घटना घडलेली नसू शकते. या दोहोंमध्ये जी फट राहते तिच्यात नऊशे चाळीस रुपये हरवले होते. ही फट मोबाइलच्या युगात पडलेली नाही. ती व्यापाराइतकीच जुनी आहे, आणि ती कोणी भरून द्यायची याची निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. 'पावती' हा शब्द 'पावणे' या क्रियापदापासून आला आहे, आणि त्याचे मूळ संस्कृत 'प्राप्' धातूत आहे. जे पावले त्याची पावती. 'रसीद' हा फार्सी शब्दही असाच घडलेला आहे. 'रसीदन' म्हणजे पोचणे, आणि रसीद म्हणजे पोचले. मराठी दफ्तरांत पावतीसाठी आणखी एक शब्द वापरला जाई, तो म्हणजे 'कबज'. हा अरबी मुळाचा शब्द वस्तू हाती घेण्याचा, ताबा घेण्याचा अर्थ सांगतो. पावती आणि रसीद हे शब्द वस्तूच्या प्रवासाकडे पाहतात, तर कबज घेणाऱ्याच्या हाताकडे पाहतो.

इंग्रजी 'डिलिव्हर' हा शब्द मात्र तिसऱ्याच ठिकाणी उभा आहे. लॅटिनमधील 'लिबेरारे', म्हणजे मुक्त करणे, या क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यात वस्तू पोचली की नाही यापेक्षा देणारा तिच्यातून मोकळा झाला, ही कल्पना मुळाशी आहे. पडद्यावरचे 'डिलिव्हर्ड' हे अक्षर वाचताना आपण त्याचे भाषांतर मनातल्या मनात 'पावले' असे करतो. ते लिहिणाऱ्या यंत्रणेला मात्र बहुधा एवढेच म्हणायचे असते, की आमच्या हातून हे सुटले.

व्युत्पत्तीवरून व्यवहाराचे निर्णय करता येत नाहीत, हे मान्य. तथापि एकच घटना वस्तूच्या, घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या अशा तीन बाजूंनी वेगळी दिसते, एवढे या शब्दांवरून ध्यानात येते. पुढचा सारा वाद या तीन बाजूंमधलाच आहे.

३

आपल्या धर्मशास्त्राने या वादाला फार पूर्वी स्वतंत्र स्थान दिले. न्यायालयापुढे येणाऱ्या वादांची जी अठरा व्यवहारपदे सांगितली जातात, त्यांच्या नारदस्मृतीतील यादीत 'विक्रीयासंप्रदान' आणि 'क्रीत्वानुशय' अशी दोन पदे आहेत. पहिले म्हणजे विकून माल न देणे. दुसरे म्हणजे विकत घेतल्यावर पश्चात्ताप होणे. एक तक्रार विक्रेत्याविरुद्धची आहे, तर दुसरीत खरेदीदाराच्या फिरलेल्या मनाला मर्यादा घातली आहे. नारदाच्या मते, घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत मिळावी; दुसऱ्या दिवशी परत केली तर तिसावा भाग कापला जावा; तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट; त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. याज्ञवल्क्याने परीक्षेच्या मुदती मालाच्या स्वभावानुसार ठरवल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. त्याच यादीत दासदासींच्याही मुदती आहेत. त्या काळाच्या न्यायबुद्धीची मर्यादा तिथे उघडी पडते, हेही नोंदवले पाहिजे.

या नियमांतून दोन गोष्टी दिसतात. माल परत करण्याचा हक्क मान्य होता, पण तो जितका उशिरा वापरावा तितका घेणाऱ्याला महाग पडे. आणि दोन्ही पक्ष समोरासमोर असल्याचे त्यात बहुतांशी गृहीत धरलेले आहे. विकणारा एका गावी, घेणारा दुसऱ्या गावी आणि मधे अनोळखी वाहक, अशा व्यवहाराला एवढ्याने भागत नाही.

दूरच्या व्यवहारासाठी व्यापाऱ्यांनी स्वतःची साधने घडवली. हुंडी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध साधन. हुंडीच्या अनेक प्रकारांपैकी दोन आपल्या विषयाशी निगडित आहेत. 'शहाजोग' हुंडीची रक्कम वाटेल त्याच्या हाती द्यायची नसे. ती बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच द्यायची असे. चोराने हुंडी पळवली तरी ती वटवण्यासाठी त्याला कोणा ओळखीच्या सावकारापुढे उभे राहावे लागे. कागदाच्या साक्षीला माणसाच्या साक्षीची जोड दिलेली होती. हुंडी गहाळ झाली तर 'पेठ' म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही गेली तर 'परपेठ' म्हणजे तिसरी प्रत देण्याची रीत होती. वाटेत वस्तू हरवते हे गृहीत धरूनच ही पद्धत उभी राहिली होती.

दुसरा प्रकार 'जोखमी' हुंडीचा. सागरी व्यापारात तिचा उपयोग होई. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, माल बुडाला तर हुंडीही बुडाली. ज्याने ही हुंडी विकत घेऊन आधी पैसे मोजले असतील त्याने नुकसान सोसायचे. म्हणून तो तिचा भावही त्या हिशेबाने लावी. आजच्या भाषेत विमा आणि कर्ज यांचा हा संगम होता. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. मधल्या वाटेची जोखीम कोणाची, हे व्यवहारापूर्वी ठरलेले असे, ते साधनाच्या नावातच लिहिलेले असे, आणि जोखीम घेणाऱ्याला तिचा मोबदला मिळे.

४

एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात आली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि हिंदुस्थानी कापसाला इंग्लंडात अपूर्व मागणी आली होती. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून वाढले ते या दोन घटनांच्या संयोगाने. पुढे सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जाऊ लागल्या. वाटेतल्या मालाची जोखीम कोणाची, हा प्रश्न या भागातल्या शेतकऱ्याला आणि अडत्याला अशा रीतीने रेल्वेने शिकवला.

रेल्वेच्या मालपावतीवर, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत बिल्टीवर, एक चमत्कारिक शेरा असे. आत अमुक माल 'असल्याचे सांगितले जाते'. रेल्वे पोते घेई, पोत्यावर नाव लिही, पण आत काय आहे याची हमी घेत नसे. कमी दराने माल पाठवायचा असेल तर तो 'मालकाच्या जोखमीवर' जात आहे असे लिहून द्यावे लागे. १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेवर वस्तू सांभाळायला घेणाऱ्या माणसाएवढीच जबाबदारी टाकली होती, आणि तीही अशा जोखीमपत्रांनी पातळ होई. स्वातंत्र्यानंतर, १९६१ च्या दुरुस्तीने, रेल्वेला सार्वजनिक वाहकाची अधिक कठोर जबाबदारी पत्करावी लागली. म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा भार पाठवणाऱ्याच्या अंगावरून वाहणाऱ्याच्या अंगावर काही अंशी सरकायला सुमारे सात दशके लागली.

रेल्वेच्या व्यवहारातली आणखी एक रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. माल फुटलेला, कापलेला किंवा हाताळलेला दिसला तर घेणाऱ्याला 'खुली डिलिव्हरी' मागता येई. रेल्वेच्या माणसासमोर पोते उघडायचे, माल पाहायचा आणि आढळले ते लिहून घ्यायचे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही, कलम ८१ मध्ये, हा हक्क दिलेला आहे. पोच आणि पावती यांतली फट बुजवण्याचा हा सर्वांत साधा उपाय होय. दोन्ही पक्षांच्या समक्ष उघडा आणि जे दिसेल ते लिहा.

५

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या इतिहासाचा पुढचा टप्पा अधिक ओळखीचा वाटेल, कारण मराठी ग्रंथव्यवहार आणि नियतकालिके त्यावर कित्येक दशके जगली. १८७७ मध्ये हिंदुस्थानच्या टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली 'व्ही. पी.', सुरू केली. मनीऑर्डर त्यानंतर, १८८० मध्ये आली. पुस्तक पोस्टमनच्या हातात, पैसे वाचकाच्या हातात; पैसे दिले की पुस्तक मिळायचे आणि पैसे यथावकाश प्रकाशकाकडे जायचे. ज्या गावात पुस्तकाचे दुकान नव्हते त्या गावातही मराठी पुस्तक पोचू लागले ते यामुळे.

या सोयीची दुसरी बाजू नियतकालिकांच्या संपादकांना ठाऊक होती. वर्गणी संपली की अंक व्ही. पी.ने जाई, आणि वर्गणीदार तो परत पाठवी. जाण्यायेण्याचा खर्च संपादकाच्या माथी. 'व्ही. पी. परत करू नये, नको असल्यास आगाऊ कळवावे' या धर्तीच्या विनंत्या जुन्या अंकांच्या मलपृष्ठांवर चाळताना सहज भेटतात. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण संपादकीये आणि लेख वाचतो, या विनंत्या वाचत नाही. पण अनेक मासिकांच्या आयुष्याची दोरी त्या विनंत्यांना मिळणाऱ्या प्रतिसादावरही अवलंबून असे.

उलट बाजूने वाचकही नागवला जाई. व्ही. पी.चे पैसे पाकीट उघडण्यापूर्वी द्यावे लागत. जाहिरातीत घड्याळ आणि पाकिटात रद्दी, अशा फसवणुकीला ही पद्धत मोकळे रान देत होती. कायद्याला हे दिसत होते. १८९८ च्या टपाल कायद्यात फसवणुकीच्या प्रकरणी वसूल झालेली रक्कम अडवून ठेवण्याचे व घेणाऱ्याला परत करण्याचे नियम करण्याची तरतूद पुढे दिसते. मात्र त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने सरकारला टपाल हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, उशीर होणे किंवा खराब होणे यांच्या जबाबदारीतून मोकळे केले होते. सरकारने स्पष्ट शब्दांत जबाबदारी पत्करली असेल तेवढाच अपवाद. २०२३ चा नवा टपाल कायदा २०२४ मध्ये अमलात आला, त्यातही हे तत्त्व टिकून आहे. मधला माणूस मोकळा, ही 'डिलिव्हर' शब्दाच्या पोटातली कल्पना कायद्याने अशी जपली.

तरीही टपालाच्या व्यवस्थेत साक्ष होती. नोंदणी टपालाची सही, पोचपावतीचे परत येणारे कार्ड, मनीऑर्डरच्या कागदावर निरक्षराचा अंगठा आणि त्या अंगठ्याखाली साक्षीदाराची सही. पोस्टमनला गाव ओळखत होते आणि पोस्टमन गावाला. म्हणूनच कायदाही टपालाच्या बाजूने गृहीतक धरतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, की योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणी टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे मानावे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. 'घेण्यास नकार' हा पोस्टमनचा शेराही न्यायालये पोच म्हणूनच धरत आली आहेत. हे गृहीतक कागदाच्या सामर्थ्यावर उभे नव्हते. ज्याला या वादात काही मिळवायचे नाही अशा तिऱ्हाईताच्या तटस्थतेवर ते उभे होते.

६

मग मधला माणूस कोणाचा? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट विवेचन आपल्याकडे झाले ते आयकराच्या दोन खटल्यांत. त्यांतला एक थेट महाराष्ट्रातला आहे.

प्रभाकर कंदिलांमुळे घरोघरी पोचलेला ओगले काच कारखाना साताऱ्याकडच्या ओगलेवाडीला, त्या वेळच्या औंध संस्थानाच्या हद्दीत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने हिंदुस्थान सरकारला माल पुरवला. त्याच्या किमतीचे धनादेश दिल्लीहून टपालाने ओगलेवाडीला जात. प्रश्न असा निघाला, की हे पैसे कंपनीला कोठे पावले? ओगलेवाडीला पावले असतील तर संस्थानात. दिल्लीतच पावले असतील तर ब्रिटिश हिंदुस्थानात, आणि मग त्यावर कर लागू होणार. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कंपनीने धनादेश पाठवण्याविषयी लिहिले होते त्यात टपालाने पाठवण्याची विनंती अनुस्यूत होती. म्हणून टपालखाते हे घेणाऱ्याचे, म्हणजे कंपनीचे, प्रतिनिधी ठरते. दिल्लीच्या टपालात धनादेश पडला त्याच क्षणी तो कंपनीला पावला. पैसे शेकडो मैल दूर असतानाच पावतात, ही कल्पना साहित्यात शोभली असती. ती न्यायालयाच्या निकालपत्रात आहे.

पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, रतलामच्या एका अत्तर आणि केशतेल विकणाऱ्या पेढीचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. तिचा माल व्ही. पी.ने परप्रांतांत जाई. इथे न्यायालयाने टपालखात्याला विकणाऱ्याचा प्रतिनिधी ठरवले. पैसे घेतल्याशिवाय माल देऊ नये ही विक्रेत्याची आज्ञा टपालखाते पाळत होते, आणि पैसे मिळेपर्यंत मालावर विक्रेत्याचा ताबा कायम होता.

वरवर हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतील. एकात टपाल घेणाऱ्याचे, दुसऱ्यात पाठवणाऱ्याचे. परंतु दोहोंमागचे सूत्र एकच दिसते. मार्ग ज्याच्या सांगण्यावरून निवडला गेला आणि वाटेतल्या वस्तूवर ज्याची आज्ञा चालते, मधला माणूस त्याचा. १९३० च्या मालविक्री कायद्याचे एकोणचाळिसावे कलमही याच दिशेने जाते. वाहकाच्या हाती माल देणे म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदाराला देणे, असे ते म्हणते. पण विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केला नसेल, तर हरवलेल्या मालाबाबत ही पोच नाकारण्याची मुभाही ते खरेदीदाराला देते. वाहकाची निवड आणि वाटेची जोखीम यांची सांगड कायद्याने अशी घातली आहे.

७

हे सूत्र हाती धरून आजच्या व्यवहाराकडे वळू. २००७ मध्ये फ्लिपकार्टने ऑनलाइन विक्री सुरू केली ती पुस्तकांपासून. २०१० मध्ये तिने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय दिली, व्ही. पी.चाच हा नवा अवतार होता. नंतर अशा बाजारपेठांवर लाखो लहान विक्रेते आले. पिंप्राळ्यातल्या स्वयंपाकघरातून निघालेला मसाला गुवाहाटीला जाऊ लागला. ही सोय लहान नाही, आणि ती नाकारणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देशही नाही.

ग्राहकाच्या बाजूने कायदाही सरसावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. सदोष, बनावट, जाहिरातीशी न जुळणारा किंवा ठरल्या वेळेनंतर आलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असे ते सांगतात. व्ही. पी.च्या काळात रद्दीचे पाकीट घेऊन हताश बसलेल्या वाचकाला शंभर वर्षांनी मिळालेला हा न्याय आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु खोके आले आणि आत काही नव्हते, या वादात सत्य तीन ठिकाणी असू शकते. विक्रेत्याने रिकामे खोके पाठवले असेल. ग्राहक खोटे बोलत असेल. किंवा वाटेत कोणी माल काढून घेतला असेल. वाहक बहुधा बाजारपेठेने नेमलेला किंवा तिने ठरवून दिलेला असतो. विक्रेतीने तो निवडलेला नसतो, ग्राहकानेही नाही. खोके कोणत्या गोदामातून गेले, कोठे त्याचे वजन झाले, दारात ते कोणी दिले, याची सारी नोंद बाजारपेठेच्या किंवा तिच्या वाहकाच्या यंत्रणेत असते. ओगलेवाडी आणि रतलामच्या निकालांमागचे सूत्र लावले तर मधला माणूस निर्विवादपणे बाजारपेठेचा ठरावा. आणि तरीही बाजारपेठ म्हणते, की मी केवळ मध्यस्थ, व्यवहार तुम्हा दोघांतला. ग्राहकाला पैसे परत मिळतात, वाहकाची नोंद बंद होते आणि फट भरून काढायला सर्वांत दुबळा खांदा शोधला जातो.

यावर एक प्रतिवाद आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. विक्रेतीने करार मान्य केला होता. ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळेच हा बाजार वाढला, आणि त्याचा लाभ विक्रेतीलाही झाला. शिवाय अनेक बाजारपेठा विक्रेत्यांना भरपाईचा दावा करण्याची वाट देतात. हे खरे आहे. पण जोखमी हुंडीशी याची तुलना करून पाहावी. तिथे जोखीम घेणारा डोळे उघडे ठेवून ती घेई आणि तिचा भाव लावी. इथे न वाचताच मान्य केलेल्या करारात जोखीम दडलेली असते आणि तिचा मोबदला कोणाला मिळतो हे विक्रेतीला कळत नाही. भरपाईच्या दाव्याचा निकालही तीच यंत्रणा देते, जिच्या वाहकावर संशय असू शकतो. टपालाच्या गृहीतकामागे तटस्थ तिऱ्हाईत होता. इथे तिऱ्हाईतच पक्षकार आहे.

तंत्रज्ञानाने साक्ष बळकट झाली असे म्हणतात. २०२५ मध्ये नोंदणी टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आणि टपालानेही ओटीपी सांगून वस्तू ताब्यात देण्याची सोय आणली. अंगठ्याची जागा आकड्यांनी घेतली. पण ओटीपी एवढेच सिद्ध करतो, की कोणी तरी योग्य आकडे उच्चारले. खोक्यात काय होते याविषयी तो मुका आहे. बिल्टीवरच्या 'असल्याचे सांगितले जाते' या शेऱ्यापलीकडे आपण गेलेलो नाही. काही महागड्या वस्तूंसाठी दारातच खोके उघडून दाखवण्याची रीत आता ऑनलाइन कंपन्यांनी सुरू केली आहे. रेल्वेच्या खुल्या डिलिव्हरीचा हा पुनर्जन्म स्वागतार्ह आहे. मात्र तो मोबाइल आणि दूरचित्रवाणी संचांसाठी आहे. नऊशे चाळीस रुपयांच्या बिबड्यांसाठी दारात थांबायला, प्रत्येक पार्सलमागे मोजके पैसे मिळणाऱ्या पोराला वेळ नाही. त्याच्यावरही सहज संशय घेतला जातो. या साखळीत त्याचा आवाज विक्रेतीहूनही क्षीण आहे, हे विसरू नये.

माझ्या दृष्टीने या इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. व्ही. पी.च्या काळात व्यवस्था पाठवणाऱ्याकडे झुकली होती, आज ती घेणाऱ्याकडे झुकली आहे. लंबक या टोकाकडून त्या टोकाकडे गेला म्हणजे न्याय झाला असे नाही. दोन्ही काळांत मधला मोकळाच राहिला. वाट ज्याने निवडली, वाटेवर ज्याची सत्ता आणि वाटेच्या नोंदी ज्याच्याकडे, त्याने वाटेतली जोखीम उचलावी. निदान ग्राहक वा विक्रेता खोटा आहे हे दाखवण्याचा भार त्याच्यावर असावा. विक्रेत्याने वाहक स्वतः निवडला असेल तर अर्थातच जोखीम त्याची. यात नवीन तत्त्व काही नाही. ओगलेवाडीच्या धनादेशाला जे लागू झाले ते पिंप्राळ्याच्या खोक्याला लागू करावे, एवढेच.

८

पत्र पूर्ण झाले आणि गेले. त्याची पोच ताबडतोब आली. ती यंत्राने दिलेली होती. उत्तर तीन आठवड्यांनी आले. दावा मान्य करता येत नाही, असे त्यात होते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार तिने काही दिवस केला आणि सोडून दिला. नऊशे चाळीस रुपयांसाठी किती दिवस कामावर पाणी सोडायचे, हा हिशेब तिने माझ्यापेक्षा लवकर केला.

परवा पिंप्राळ्याला तिच्याकडे गेलो होतो. ओट्यावर मसाल्याची पाकिटे मांडली होती. सासूबाई एकेक पाकीट खोक्यात ठेवत होत्या आणि शाळेतून आलेली नात मोबाइल धरून त्याचे चित्रण करत होती. वजनकाट्यावरचा आकडा नीट दिसावा म्हणून त्यांनी हात बाजूला घेतला, मग खोके बंद केले, त्यावरचा पत्ता मोबाइलसमोर धरला. दर खोक्याला दोन-तीन मिनिटे जात होती. दिवसाला वीस खोकी, म्हणजे जवळपास तासभर. या तासाची मजुरी कोणी देत नाही.

"आज्जी, हसू नकोस, पुन्हा करावं लागेल," नात म्हणाली. सासूबाईंनी पदर सावरला आणि पुढचे खोके उचलले.